घ्यायच्या आधी लिही

अरे,

रविवारी तू आलास, बाल्कनीत बसलास आणि पोहे गार होईपर्यंत तीन वेळा शेअरचं अ‍ॅप उघडून बघितलंस. रविवारी! बाजार बंद, आकडा शुक्रवारी साडेतीनला होता तोच, तो काय रविवारी हलणार आहे का, पण तू स्क्रीन बोटाने खाली ओढून ओढून रिफ्रेश करत होतास आणि दर वेळी तुझं तोंड नव्याने उतरत होतं. त्यावर मी मुद्दाम काही बोलले नाही. काका पेपर वाचायचं नाटक करत होते, त्यांनी सगळं ऐकलंय, पण ते कुणाला सांगायचे नाहीत, त्यांची काळजी करू नकोस.

तू गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं, चार ओळींत अंगठा दुखायला लागला आणि रागही यायला लागला, म्हणून आता भाचीच्या लॅपटॉपवर बसून टाइप करतेय. लांब होणार आहे, एका बैठकीत वाच, मधे अ‍ॅप उघडू नकोस. आणि धीर वगैरे मी देणार नाही. "होईल रे सगळं नीट" हे तुझे मित्र सांगतायतच, आणि तेच मित्र तुला पडलेले शेअर आणखी घेऊन अ‍ॅव्हरेज कर म्हणूनही सांगतायत.

तू विचारलंस, काकू, विकू का थांबू. मी म्हटलं, घेतलास कशासाठी होतास? तू छताकडे बघितलंस. मग म्हणालास, तेव्हा सगळेच घेत होते. बरोबर, सप्टेंबर २०२४, सेन्सेक्स जवळजवळ ८६ हजाराला टेकलेला, तुझ्या हिंजवडीच्या कँटीनमधे जेवणाच्या टेबलावर भाजी कमी आणि स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर, जास्त. आज तुला विकावं का थांबावं हे कळत नाहीये ना, त्याचं कारण आजच्या बाजारात नाहीये रे. तू त्या दिवशी काहीही लिहून ठेवलं नव्हतंस, हे कारण आहे. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं मी त्याच्या भोवती फिरणार आहे: घ्यायच्या आधी लिही. का घेतोस आणि काय झालं तर विकशील. आधी. नंतर नाही.

चहा टाकताना मी तुला एक कोडं घातलं होतं, आठवतंय? एक, तुझे ३,००० रुपये नक्की जाणार. दोन, ८० टक्के शक्यता की ४,००० जातील आणि २० टक्के शक्यता की काहीच जाणार नाही. तू क्षणात म्हणालास, दुसरं, निदान वाचायचा चान्स तरी आहे. इंजिनिअर आहेस, दुसऱ्यात सरासरी ३,२०० जातात हे तुला मी सांगायचं? पण तू एकटा नाहीस. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ च्या त्यांच्या पेपरात हाच प्रश्न ९५ जणांना विचारला होता (इस्रायली पौंडांत), तर ९२ टक्के लोकांनी तुझ्यासारखंच उत्तर दिलं. आणि तोच प्रश्न फायद्याचा करून विचारला, ३,००० नक्की मिळणार की ८० टक्के शक्यतेने ४,०००, तर ८० टक्के लोक म्हणाले नको बाबा, नक्कीचेच द्या. म्हणजे फायद्यात माणूस भित्रा आणि तोट्यात जुगारी. माणूस तोच, डोकं तेच. कानेमनला त्यासाठी २००२ ला नोबेल मिळालं, ट्वर्स्की तोपर्यंत गेले होते.

आता तू जाताना दाराशी चप्पल घालता घालता जे हळूच सांगितलंस, की शेअरमधला लॉस रिकव्हर करायला ऑप्शन, म्हणजे भाव चढेल की पडेल ह्यावरचे मुदतीचे सौदे, करायला लागलास आणि त्यात २ लाख ४० हजार गेले, ते सगळं ह्या कोड्यात बसतं. तू मूर्ख आहेस असं मी म्हणत नाही. तू लाल आकड्यात उभा होतास, आणि लाल आकड्यात उभ्या असलेल्या माणसाला जुगार हाच शहाणपणा वाटतो. म्हणून तर म्हणते, निर्णय लाल आकड्यात उभं राहून घ्यायचाच नाही, तो आधी, आकडा ना लाल ना हिरवा असताना, घेऊन लिहून ठेवायचा.

आणि ते दोन बरे शेअर का विकलेस? "१८ टक्के बुक केले काकू." शाबास. आणि ३८ टक्के पडलेले चार जपून ठेवलेस. म्हणजे टोपलीतले चांगले कांदे शेजारणीला वाटून टाकायचे आणि सडके स्वतःकडे ठेवून वास घेत बसायचं, एक ना एक दिवस हे चांगले होतील म्हणून. ह्यालाही नाव आहे, शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ ला ठेवलेलं, डिस्पोझिशन इफेक्ट. टेरन्स ओडीन नावाच्या प्राध्यापकाने नंतर अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची १०,००० खाती तपासली, तर लोकांनी फायद्यात विकून टाकलेले शेअर पुढच्या वर्षभरात, लोकांनी तोट्यात धरून ठेवलेल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्के जास्त चालले. कांदे, म्हटलं ना.

"विकलं की लॉस होईल" हे तू तीनदा म्हणालास. लॉस झालाय बाळा. विकल्यावर फक्त कबूल करावा लागतो. आमच्या शेजारच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत, २०१३ ला त्यांच्या फ्लॅटला कुणीतरी सव्वा कोटी देत होतं, त्यांनी दिला नाही, आणि मग जो येईल त्याला "सव्वा कोटीची ऑफर मी नाकारलीय" हे ऐकवून घालवत राहिले, चार वर्षं फ्लॅट कुलुपात, मेंटेनन्स भरतायत, खिडकीला कबुतरांनी संसार थाटला. आपण हसायचो. तुझ्या डोक्यात तुझा खरेदीचा भाव तसाच बसलाय आणि माझ्याही डोक्यात बसला होता, चार वर्षं, ते आता सांगते. हे तुझ्या आईलाही पूर्ण माहीत नाहीये.

जानेवारी २००८. मी तेव्हा कर्वे रोडच्या शाखेत ऑफिसर. सेन्सेक्स २१ हजाराला जाऊन आलेला, आणि एका वीज कंपनीचा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकणं, येणार होता ज्याला पुढे सत्तर पटीहून जास्त मागणी आली. त्या आठवड्यात काउंटरवर काय गर्दी, सगळे एफडी मोडायला. एफडीच्या पावतीच्या मागे रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घ्यावी लागायची, तर दोन दिवसांत शाखेतले स्टॅम्प संपले, शिपायाला पोस्टात पिटाळलं. पेन्शनर आजोबा, ज्यांनी आयुष्यात कधी ग्लासभर पाण्याचीही रिस्क घेतली नाही, ते मला विचारतायत, मॅडम तुम्ही किती भरणार? मी त्यांना समजावत होते, काका, मुदतीआधी मोडलंत तर व्याज कापलं जाईल. दिवसभर समजावलं. आणि संध्याकाळी घरी येताना विचार करत आले की हे सगळे पैसे कमावणार आणि मी काय व्याज कापत बसणार?

मी तो आयपीओ नाही भरला, मी स्वतःला जास्त शहाणी समजत होते ना. मी बांधकाम क्षेत्रातल्या एका कंपनीचे ३०० शेअर ६४० च्या भावाने घेतले. का? आमच्या शाखेत येणारा एक कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, मॅडम, देशात रस्तेच रस्ते होणारेत. बस. एवढं एक वाक्य. कंपनीवर कर्ज किती, मी विचारलं नाही, मी! जी दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जाचे कागद तपासायची.

२१ जानेवारीला सेन्सेक्स १,४०८ अंशांनी पडला, दुसऱ्या दिवशी लोअर सर्किट, म्हणजे फार पडला म्हणून बाजारच थोडा वेळ थांबवला. महिनाअखेरीला मी आणखी २०० घेतले, ४१० ने. का? तर सरासरी भाव खाली येतो म्हणून. ऑक्टोबरात, जेव्हा सेन्सेक्स आठ हजाराच्याही खाली जाऊन आला, तेव्हा आणखी ५००, १८० ने. आणि ते ९० हजार कुठून आणले? २००१ पासून हप्त्या-हप्त्याने जमवलेला एक चांगला इक्विटी फंड, शेअरांत पैसे घालणारा, होता, तो मोडला. तळाला. चांगला कांदा दिला आणि सडका घेतला. एकूण ३ लाख ६४ हजार, हजार शेअर, सरासरी ३६४. हा ३६४ आकडा मला आजही झोपेतून उठवून विचार.

१८ मे २००९, निवडणुकीचे निकाल लागल्यावरचा सोमवार, बाजार दोनदा अपर सर्किट लागून बंद पडला, सेन्सेक्स एका दिवसात २,११० अंश वर. शाखेत टाळ्या वाजल्या. माझा शेअरही उसळला, त्या महिन्यात दीडशेच्या आसपास गेला. तेव्हा विकले असते तर दीड लाख हातात आले असते. पण मी म्हटलं, आता बघाच, ३६४ येणार, मुद्दल निघालं की सुटले. त्या शेअरने ३६४ पुन्हा कधी बघितला नाही. कंपनी कर्जात रुतत गेली आणि मी रोज दुपारी जेवणाचा डबा उघडायच्या आधी ब्रोकरला फोन करून भाव विचारत राहिले. २०१२ ला ११ रुपयांना विकले. ११ हजार आले.

काकांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. स्टेटमेंट मी शाखेच्या पत्त्यावर मागवायचे. विकले त्या दिवशी ब्रोकरकडच्या मुलाने खात्री करायला घरच्या लँडलाइनवर फोन केला आणि तो ह्यांनी उचलला. मी घरी आले तर त्यांनी नुसता कागद पुढे केला, वर लिहिलं होतं "हजार शेअर, अकरा, फोन कर". मी सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पिशवी घेऊन भाजी आणायला गेले, घरात भाजी असताना. परत आले तेव्हा दोन जुड्या मेथी आणि तोंडावर काहीही नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सुटी टाकून मी अप्पा बळवंत चौकात गेले आणि दोनशे पानी लांब वही आणली. तीच ही, तू रविवारी बघितलीस ती, तेलाचा डाग पडलेली.

पाचव्या पानावर काय आहे ते तुला दाखवायला पाहिजे होतं. जून २०१३. कंपनीचं नाव, भाव, किती घेतले. मग "का", त्यापुढे चार ओळी. मग "विकेन जर", त्यापुढे तीन ओळी, आणि त्यात भाव एकाच ओळीत आहे, बाकी दोन कारणाच्या आहेत: प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, स्वतःचे शेअर गहाण टाकायला सुरुवात केली तर, आणि कर्ज सलग दोन वर्षं नफ्यापेक्षा वेगाने वाढलं तर. आणि शेवटी एक ओळ जिला काका हसतात: "रात्री झोप झाली का." त्या पानावर "हो" आहे. बाविसाव्या पानावर "नाही, डोकं दुखतंय, आज नको" आहे आणि खाली काहीच नाही, त्या दिवशी मी काही घेतलं नाही. ते कोरं पान मला एका पैशालाही पडलं नाही आणि तेच मला सगळ्यात जास्त आवडतं.

तू म्हणशील, एवढं सगळं लिहित बसलो तर भाव निघून जाईल. जाऊ दे! निघून जाणारा भाव हाच तर प्रॉब्लेम आहे. आमच्या वेळी शेअर म्हणजे कागद होते, विकायचे तर ट्रान्सफर फॉर्मवर सही, सही जुळली नाही तर परत, कुमठेकर रस्त्यावर पुण्याचं स्वतःचं स्टॉक एक्स्चेंज होतं, तिकडच्या दलालांकडे पिशवीतून सर्टिफिकेटं घेऊन जायची. कटकट होती, फसवणूकही होती, ते दिवस परत नकोत. पण त्या कटकटीत दोन दिवस जायचे आणि दोन दिवसांत माणसाचा ताप उतरायचा. तुमच्या हातात आता बटण आहे. आमचं डोकं काही तुमच्यापेक्षा थंड नव्हतं, आमचा रस्ता लांब होता इतकंच. वही म्हणजे तो लांब रस्ता, मुद्दाम बांधलेला.

आणि वहीचं दुसरं काम असं की ती आपल्याला खोटं बोलू देत नाही. इन्फोसिसच्या शेअरांचा पहिला इश्यू १९९३ ला आला, ९५ रुपयांना, आणि पूर्ण भरलासुद्धा नाही. जी कंपनी १९८१ ला पुण्यातच सुरू झाली, तिचा फॉर्म पुण्यातल्या आमच्या स्टाफरूममधे एकानेही भरला नाही, सॉफ्टवेअर म्हणजे काय हेच कुणाला माहीत नव्हतं. पण आज रिटायर झालेल्या आमच्या लोकांच्या गेट-टुगेदरला ये, अर्धे जण शपथेवर सांगतील, मी भरणारच होतो, बायको नको म्हणाली. बिचाऱ्या बायका. बारूख फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ लाच दाखवलं होतं की निकाल कळला की माणसाला वाटतं हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. तूही आता म्हणतोस, "मला वाटलंच होतं पडेल." नव्हतं वाटलं. वाटलं असतं तर घेतलं नसतंस. दाखव लिहिलेलं. नाहीये ना? मग गप्प बस.

ऑप्शनबद्दल मी थोडक्यात आणि रागाने लिहिणार आहे. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ ला आकडे काढले, २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त लोकांनी फ्युचर-ऑप्शन केलं, त्यातले ९३ टक्के तोट्यात, प्रत्येकी सरासरी २ लाख, सगळ्यांचे मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२३-२४ मधे ह्या लोकांतले ४३ टक्के तिशीच्या आतले. आणि मला सगळ्यात टोचलेला आकडा म्हणजे सलग तोटा होऊनही पाऊणपेक्षा जास्त लोक खेळत राहिले. तेच कोडं, ३,००० आणि ४,०००. हे आकडे मी तुला सांगितले तेव्हा तू काय म्हणालास? "काकू, म्हणजे सात टक्के लोक कमावतात ना." मी पोह्यांची प्लेट उचलून आत गेले ती त्यासाठी, लिंबू आणायला नाही.

तू हुशार आहेस, बारावीला बोर्डात आला होतास, सगळं मान्य. आयझॅक न्यूटनही बरा हुशार होता. १७२० मधे इंग्लंडातल्या साउथ सी कंपनीचे शेअर त्याने चांगल्या फायद्यात विकले, भाव पुढे चढतच गेला, लोक श्रीमंत होताना बघवेना, परत शिरला, बराच वर, आणि त्याचे बरेच पैसे बुडाले. त्याला गणित कमी येत होतं का? बार्बर आणि ओडीन यांनी १९९१ ते १९९६ मधली ६६,४६५ अमेरिकन कुटुंबांची खाती बघितली, बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले आणि सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या हातात ११.४ पडले. जितकी बोटं चालली तितका पैसा गळला. (त्याच दोघांनी पुढे दाखवलं की पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त ट्रेडिंग करतात. हे मी काकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, तू तर एकटीनेच सरासरी बिघडवलीस. असो.)

टेलिग्रामवर तुला टिप देणाऱ्या त्या माणसाचं काय? "कंपनी काय करते माहीत नाही, पण ऑपरेटर घुसलेत" (ऑपरेटर म्हणजे भाव मुद्दाम चढवणारे) हे वाक्य तू अशा थाटात म्हणालास की जणू ती गुणवत्ता आहे. केन्स ह्या अर्थतज्ज्ञाने १९३६ लाच लिहून ठेवलंय की बाजार म्हणजे वर्तमानपत्रातली ती सौंदर्यस्पर्धा, शंभर फोटोंतून सहा निवडायचे, आणि बक्षीस ज्याची निवड बाकीच्यांच्या सरासरी आवडीशी जुळेल त्याला. मग कुणी स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही, बाकीच्यांना कुठला आवडेल ते ओळखत बसतात, आणि बाकीचेही तेच करतात. म्हणून भाव कंपनीला सोडून वर जातो, आणि सगळे एकदम दाराकडे वळले की कंपनीला सोडून खालीही येतो. तुझ्या चार शेअरांपैकी दोन कंपन्या नेमकं काय बनवतात हे तुला सांगता आलं नाही. "का" ह्या रकान्यात तू काय लिहिलं असतंस? "ऑपरेटर घुसलेत"? लिहून बघ. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं वाचताना लाज वाटते, तोच उपयोग आहे.

आता तू माझ्यावर उलटशील, काकू तुमच्या वहीने तुम्हाला काय श्रीमंत केलं? काकाही हेच म्हणतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०१८ ला, बाजार बरा असताना, मी वहीत लिहिलं होतं: सेन्सेक्स शिखरापासून ३० टक्के पडला तर एफडीतले २ लाख काढून इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड) ५० हजाराच्या चार हप्त्यांत टाकायचे. आणि खाली, जुन्या शिखराला परत आला की निम्मे काढून एफडीत परत. मार्च २०२० आला. जनता कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, सेन्सेक्स ३,९३४ अंश पडून २५,९८१ ला बंद झाला, जानेवारीत ४२ हजाराच्या वर होता. आदल्या दिवशी सोसायटीत सगळ्यांनी थाळ्या वाजवलेल्या, आणि आज बाहेर चिडीचूप. मला वाटत होतं जगच बंद पडतंय, पैशाचं काय घेऊन बसलोय. माझी स्वतःची अक्कल तेव्हा म्हणत होती, आहे तेही काढ. पण वहीत लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, झोप झाली का त्यापुढे "हो". मी पहिले ५० हजार टाकले. हात थरथरत होते, ओटीपी दोनदा चुकला. पुढचे तीनही टाकले, एप्रिल संपेपर्यंत.

नोव्हेंबरात सेन्सेक्स परत ४२ हजार. वही म्हणत होती निम्मे काढ. मी काढले. आणि बाजार? जानेवारी २०२१ ला ५० हजार, ऑक्टोबरात ६२ हजार. काकांनी कॅलक्युलेटर घेऊन मला दाखवलं की वहीपायी मी सत्तरेक हजारांवर पाणी सोडलं. दर दिवाळीला दाखवतात. पण मला एक सांग, ते पैसे एफडीचे होते की नाही? म्हातारपणाचे, दवाखान्याचे. ते परत जागेवर ठेवायचे हे ठरलं होतं की नाही? नोव्हेंबर २०२० ला कुणाला माहीत होतं की दुसरी लाट येऊनही बाजार चढणार आहे? आज सगळ्यांना माहीत असतं, स्टाफरूममधल्यासारखं. आणि वही नसती तर मार्चमधे मी एक रुपया टाकला नसता, म्हणजे ते सत्तर हजार गेले म्हणायला आधी आलेच नसते. हे मी काकांना दहा वेळा सांगितलंय, ते नुसते मान हलवतात. रुखरुख आहेच, नाही असं नाही. पण नियम बरोबर होता. नियम बरोबरच होता.

तर आता काय करायचं. सोमवारी सकाळी पहिलं काम, ब्रोकरच्या अ‍ॅपमधे फ्युचर-ऑप्शनचा सेगमेंट बंद करून टाक, सेटिंगमधे सोय असते, नसली तर मेल कर. ह्याला वही लागत नाही. चार शेअरांची चार पानं कर. वर खरेदीचा भाव लिहायचाच नाही, तो तुझ्या डोक्यात पुरेसा आहे. फक्त एवढंच, की आज हातात रोख असती तर हा शेअर आजच्या भावाला घेतला असतास का, आणि का. पान भरता आलं तर ठेव आणि खाली "विकेन जर" लिही. भरता आलं नाही तर विक, आणि विकल्यावर महिनाभर त्याचा भाव बघू नकोस, चढला तरी. चढेलही एखादा. मला दोष दे, मी समर्थ आहे. आयकराचं रिटर्न मुदतीत भर म्हणजे तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, आणि ऑप्शनचा तोटा धंद्याच्या उत्पन्नात दाखवावा लागतो, तो फॉर्म वेगळा आहे, सीएकडे जा, स्वतः यूट्यूब बघून करू नकोस.

अ‍ॅप महिन्यातून एकदा. थेलर आणि बेनार्ट्झी ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ला ह्यावर लिहिलंय, जो रोज बघतो त्याला रोजच्या चढ-उतारातली घसरणच जास्त लागते आणि त्याला बाजार आहे त्यापेक्षा धोक्याचा वाटतो. तू तर रविवारी बघतोस.

एक गोष्ट राहिली आणि ती मी सांगणार नव्हते. भिशीत सगळ्या बायका चांदीचं बोलत होत्या, एकीने चांदीचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा घेता येणारा चांदीचा फंड, घेऊन चांगले पैसे केले होते, आणि मी रिक्षात बसल्या बसल्या मोबाईलवर घेतला. ४० हजाराचा. घरी येऊन पान भरलं. आणि तारीख आदल्या दिवसाची टाकली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. कुणाला दाखवायची होती मला ती तारीख, वही माझीच, वाचणारी मीच. म्हणूनच रविवारी मी तुझ्यावर एवढी चिडले असेन.

आईला तू सांग. २ लाख ४० हजार हा आकडा तिला तुझ्याकडून कळू दे. ती रडेल, मग जेवायला वाढेल. गुरुवारी आमचं भजन असतं, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे, तेव्हा बुधवारच्या आत.

काकांबरोबर वही पाठवतेय, अप्पा बळवंत चौकातलीच, नवी आहे. पहिलं पान फाटलेलं दिसेल, ते मी फाडलंय, चांदीचं पान नीट तारीख टाकून परत लिहायचं होतं आणि माझ्या वहीतली पानं संपली.

काकू